मनीच्या पिसवा

मांजरीच्या एका आंघोळीत गंगारामचा फायदा असा: अर्धा तास यमुनाबाईंची सोबत, त्यांच्या हातचा आल्याचा चहा आणि आठवडाभर पुरतील एवढ्या गप्पा-गजाली. तोटा म्हणजे हातावर दोन-तीन ओरखडे. बायको जाऊन सहा वर्षं झालेल्या, मुलगा पनवेलला राहत असलेल्या माणसाला हा व्यवहार स्वस्तच होता.

अडचण एकच. पिसवा संपल्या की रविवार संपणार.

आज आठवा रविवार. मालगुंडच्या खालच्या आळीतून यमुनाबाई मांजर काखोटीला मारून आल्या.

"तांडेल, मेली रातभर खाजवीत होती. माझ्या डोळ्याला डोळा नाय."

गंगारामने तीस वर्षं मासेमारीची होडी हाकली होती. होडी विकून टाकली तरी गाव त्याला तांडेलच म्हणायचं.

"हट्टी जात," तो गंभीरपणे म्हणाला. "मुळं धरून बसतात."

"पिसवांना मुळं?"

"खाडीकाठच्या पिसवांना असतात."

निरगुडीचा पाला उकळून कोमट केलेलं पाणी बादलीत तयार होतं. न्हाऊ घालायची त्याची पद्धत दर्यावरची. जुन्या जाळ्याचा तुकडा मांजरीभोवती गुंडाळायचा. नखं जाळ्यात अडकतात, पाणी आरपार जातं. तरी एखादा पंजा सुटायचाच.

"मने, गप," यमुनाबाई म्हणाल्या. मनीने मानही वळवली नाही.

"तुमचं काय ऐकत नाय ती."

"पोसलेलं कोण ऐकतं हल्ली? तुमचा गौरव ऐकतो?"

"तो फोनवर ऐकतो. मग करतो बायको सांगेल ते."

"चांगला आहे मग. तुमच्यावर नाय गेला."

गंगाराम एवढा हसला की तांब्यातलं अर्धं पाणी त्याच्याच लेंग्यावर सांडलं.

मग मांजर पंच्यात गुंडाळून पायरीवर घेतली. यमुनाबाईंनी आतून चहा करून आणला. गंगारामने ओल्या केसांतून बारीक फणी फिरवली, एकदा शेपटीकडून, एकदा मानेकडून.

"हायत?"

"चार-पाच असतील अजून."

पहिल्या रविवारी फणीला काळं काहीतरी लागलं होतं; ती धूळही असेल. त्यानंतर एकदाही काही नाही. खोटं बोलल्याचं त्याच्या जिवाला जरा लागलं. पण चहात आलं चांगलं ठेचून घातलं होतं.

"म्हणजे पुढचा रविवार पण मोडला तुमचा," यमुनाबाई म्हणाल्या.

"दोन तरी धरा."

"किती त्रास तो तुम्हाला."

"शेजारधर्म आहे."

तेवढ्यात अंगणाच्या दगडी गडग्यापलीकडे माशांची पाटी दिसली, आणि पाटीखाली कोळीवाड्यातली सखू. ती तडक अंगणात आली, पाटी उतरवली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"शेवंते!"

मांजर पंच्यातून सुटली आणि धावत जाऊन सखूच्या पायांत घोटाळू लागली. यमुनाबाईंनी घाईघाईने कपबशा गोळा करायला घेतल्या.

"रावदे त्या कपबश्या, यमुनाबाय," सखू म्हणाली. "उंदरांसाठी मागून नेतेस नि दर आयतवारी भिजवून धाडतेस. पिसू कशी असते ते हिला ठाऊक पण नाय. गजाली तुम्हा दोघांच्या, नि भिजायचं माझ्या मांजरीनं?"