भारी गोटी

शिलाई मशीन जुन्या चादरीत गुंडाळून, वर सुतळीने आवळून दाराशी ठेवलेलं होतं. चपला काढता काढता मुलाने ते पाहिलं आणि हे काय म्हणून विचारलं. आईने स्वयंपाकघरातूनच सांगितलं, की शिवणक्लासच्या बाई संध्याकाळी येऊन घेऊन जाणार आहेत.

अंगात ताप असतानाही गिऱ्हाइकाला दिलेली तारीख न चुकवणारी आपली आई. ती स्वतःचं मशीन विकणार, हे त्याच्या पचनी पडेना. मनगटाचं प्लास्टर निघालं, हाड छान जुळलंय असं डॉक्टरच म्हणाले, मग एवढी घाई कसली, असं तो म्हणाला. आई हात पुसत बाहेर आली आणि त्याच्यासमोर बसली.

"डॉक्टरांना हाड दिसतं. बोटांचं मला तुझ्याच खेळाने सांगितलं."

खेळ त्याच्याच कंपनीचा होता, फोनवरचा, गोट्यांचा. बोटाने गोटी मागे ओढायची, नेम धरायचा आणि खड्ड्यात सोडायची. समोर कुठेतरी बसलेला खराखुरा माणूस, त्याचीही गोटी. बोटं हलती ठेवा असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा त्यानेच मोठ्या हौसेने तो आईच्या फोनमध्ये घालून दिला होता. माझ्या मुलाने केलेला व्यायाम म्हणून तिने तो शेजारीपाजारी सगळ्यांना दाखवला होता.

आता ती दुसऱ्या कुणाचं दुखणं सांगावं तशी सांगत होती. सुरुवातीला ती डावामागून डाव जिंकत होती, तेही हात ताठरलेला असताना. मग हरायला लागली. जास्त सराव केला, तर जास्तच हरली. समोरच्याची गोटी सुतात सरळ जाते आणि आपली ऐन वेळी कलते.

"हात सुधारत असता तर उलट झालं असतं ना?" आई म्हणाली. "कुणाचं भारी कापड हातात घ्यायचं आणि टीप वाकडी घालायची, ते नको. लोक तोंडावर बोलत नाहीत रे. फक्त परत येत नाहीत."

मुलाचा चेहरा उतरला. गोटी का कलते, ते त्याला पक्कं ठाऊक होतं. जो पैसे न भरता जिंकत राहतो, त्याच्यासमोर दुकानातली भारी गोटी विकत घेतलेला माणूस आणून बसवायचा. भारी गोटी कशीही सोडा, सरळच जाते; साधी थोडी कलतेच, पण समोरही साधीच असेल तोवर ते जाणवत नाही. चार डाव हरला की माणूस चिडतो, आणि चिडला की तोही विकत घेतो. हा नियम दुसऱ्या कुणी केला असता तर किती बरं झालं असतं. तो त्यानेच केला होता. त्यासाठी ऑफिसात शाबासकी मिळाली, तेव्हा पहिला फोन त्याने आईला केला होता. हरलेला माणूस स्वतःच्या हाताला दोष देईल, हे मात्र त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं.

खेळात बिघाड आहे, एवढं म्हणून सुटता आलं असतं. ते अगदी जिभेवर आलं होतं. पण मशीनवरच्या सुतळीकडे बघत बघत त्याने सगळं सांगून टाकलं.

आईने ऐकून घेतलं आणि ती हसली. "माझी भाजी करपली तरी छान झालीय म्हणायचास तू. राहू दे."

कबुली द्यावी आणि ती आपल्या चांगुलपणाच्या खात्यावर जमा व्हावी, याने तो आणखीच शरमला. त्याने तिचा फोन घेतला, स्वतःचे पैसे भरून भारी गोटी विकत घेतली आणि फोन परत तिच्या हातात दिला.

"खेळ. नेमसुद्धा धरू नकोस."

आईने पहिल्यांदा सवयीने नेम धरला. मग त्याच्याकडे एकदा बघितलं, तोंड खिडकीकडे वळवलं आणि बोट सोडलं. गोटी हाक मारल्यासारखी खड्ड्यात गेली. पुढचीही तशीच गेली. बघता बघता डाव संपला आणि पडद्यावर रंगीत कागदांचा पाऊस पडू लागला.

"मी तर बघतसुद्धा नव्हते," आई म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "म्हणजे हात ठीक आहे माझा. आणि हे तू केलंस."

त्याने मान हलवली. तिने रागवावं, चांगलं फैलावर घ्यावं असं त्याला फार वाटत होतं. ती रागावली नाही. समोर आत्ता कोण होतं, एवढंच तिने विचारलं.

नव्याने पैसे भरणाऱ्याला पहिले काही डाव कच्चं लिंबू द्यायचं, म्हणजे पैसे वसूल झाल्यासारखे वाटतात, असं त्याने खालच्या आवाजात सांगितलं. पैसे न भरलेलं, रोज हरणारं कुणीतरी.

"कालपर्यंत मी होते, तसं," आई म्हणाली.

तेवढ्यात बेल वाजली. शिवणक्लासच्या बाई आल्या होत्या, सोबत मशीन उचलायला एक माणूस घेऊन. आई दारात गेली. तुम्हाला उगाच हेलपाटा पडला, मशीन आता द्यायचं नाही, असं तिने सांगितलं, पाणी विचारलं. मुलगा खाली बसून सुतळी सोडवायला लागला. आईने बांधलेली गाठ, सुटता सुटेना.

दार लावून ती परत आली तेव्हा फोन टेबलावर उजळला होता. हरलेल्याला समोरच्याला दोन शब्द पाठवता येत, खेळात तशी सोय होती. आईने फोन लांब धरून वाचलं.

"छान खेळलात, असं लिहिलंय," ती म्हणाली आणि फोन त्याच्यापुढे जमिनीवर ठेवला. "यांना कोण सांगणार?"