एका दमातली अंगाई

"आधी आईला घ्या," मैना म्हणाली आणि चाकांची खुर्ची वॉर्डात ढकलली.

दवाखान्याची चढण चढून तिला धाप लागली होती. खुर्चीत आई खोकत होती. साथीच्या पहिल्या लाटेतही या मायलेकी अशाच आल्या होत्या. तेव्हा आईचे ओठ जांभळे पडले होते आणि धडधाकट मैना बाहेरच्या बाकावर बसून राहिली होती.

वॉर्डाची रीत तेव्हाच पडली. पिकले केस नर्सच्या टेबलाजवळच्या खाटेवर, ऑक्सिजनच्या नळीपाशी. काळे केस मागच्या खोलीत, चार दिवस पडून आपल्या पायांनी घरी. आज नळीची एकच खाट मोकळी होती. नर्सनं न विचारताच तिच्यावर आईसाठी चादर घातली.

दुसरी रीत डॉक्टरबाईंची स्वतःची होती. दम जोखायला त्या आकडे मोजायला लावत नसत. आकड्यांच्या आडून माणूस चोरून श्वास घेतो, गाण्यात ती चोरी उघडी पडते. म्हणून दोन ओळी एका दमात गायच्या. मागच्या खेपेला आईनं मैनेच्या पाळण्याशी रचलेली अंगाई घेतली होती आणि पहिल्याच ओळीत तिचा दम तुटला होता. मग रोज संध्याकाळी मैनेनंच ती फोनवरून आईच्या कानात घातली होती.

"तीच म्हणू?" आईनं विचारलं. "की या खेपेला थोडं चावट चालेल?"

डॉक्टरबाई मास्कआड हसल्या. तीच म्हणा, म्हणाल्या. आईनं छाती भरून घेतली.

नीज गं माझ्या मैने, दिवा झाला मंद,
वाऱ्यानं लावली कडी, दार केलं बंद.

आवाज खरखरीत होता, पण धागा कुठे तुटला नाही. आईला धीर यावा म्हणून मैनाही सोबत गात होती. दिव्यापाशी ती श्वास घ्यायला थांबली. कडीपाशी पुन्हा थांबली. दार बंद झालं तेव्हा एकटी आईच गात होती.

नर्सनं आईची खुर्ची खाटेकडे वळवली. डॉक्टरबाईंनी ती हातानं अडवली. आईच्या बोटावरचा ऑक्सिजन मोजायचा चिमटा काढून त्यांनी मैनेच्या बोटाला लावला. मैना सांगत राहिली की हा दम चढणीचा आहे, बाकी नुसता घसा धरलाय. डॉक्टरबाई आकडा बघत होत्या. गेल्या आठवड्यात असाच एक तरुण हसत चालत आला होता. त्याला त्यांनीच मागच्या खोलीत पाठवलं होतं. त्याची आई घरी एकटी परतली होती.

"रोगानं घर तेच धरलंय, माणूस बदललाय," त्या म्हणाल्या. "आईच्या अंगाला हा पाहुणा ओळखीचा आहे, तुझ्या नाही. मागच्या खोलीत आई जातील. आजपासून रीत बदलली."

मैना हुज्जत घालू लागली. आईचं वय तरी बघा, म्हणाली.

आई तोवर खुर्चीतून उठली होती.

"माझं वय मी बघीन," ती म्हणाली. "तू बस."

मैना बसली. आईनं खुर्चीच्या मुठी धरल्या आणि नळीच्या खाटेकडे चालता चालता अंगाई पहिल्या ओळीपासून उचलली. या वेळी जिच्यासाठी रचली होती, तिच्यासाठी.