पहिला नग

रॅकवरचा पहिला बोर्ड पुन्हा गायब झाला. स्क्रीनवर त्याच्या नावापुढचा हिरवा ठिपका गेला, सुकन्यानं कपाळाला हात लावला, तोवर ठिपका परत आला. सकाळपासून पठ्ठ्याचं हेच चाललं होतं. बाकीचे सगळे बोर्ड रॅकवर गुण्यागोविंदानं नांदत होते, हा एकटाच घटकेत हाय, घटकेत न्हाई.

लातूरच्या एमआयडीसीत महादेवप्पांची शेड होती आणि सगळं काम तिथंच केलेला हा पहिलाच लॉट. नांदेडकडच्या गावांतल्या दूध केंद्रांवर बसायचे हे बोर्ड. टाकीतलं दूध गार आहे की नाही, ते वायफायवरून कळवणारे. आजवर बोर्डात प्रोग्राम भरायचं, म्हणजे फ्लॅश मारायचं, काम पुण्याला जायचं. सुकन्या पुण्याची नोकरी सोडून गावी आली आणि हे आपण इथंच करू म्हणाली. अप्पा एवढंच बोलले होते, हा लॉट सुरळीत गेला तर पुढचे इथंच, नाही तर आपलं पुणंच बरं. आणि पुणंच बरं ठरलं, तर मग तिचं इथं काम काय? दुपारी टेम्पो निघायचा होता.

फ्लॅश मारताना प्रत्येक बोर्डाला त्याचा मॅक ॲड्रेस द्यावा लागतो. हा कायमचा नंबर, एकाचा दुसऱ्याला चालत नाही, कारण नेटवर्क बोर्डाला ओळखतं ते त्यावरूनच. हे नंबर वाटायचा प्रोग्राम सुकन्यानंच लिहिला होता आणि त्याचा तिला चांगलाच अभिमान होता. आता तो अभिमान पार उतरला होता. तिनं वायफाय तपासलं, अँटेना बदलली, देवाचं नाव घेऊन त्याच नंबरानं पुन्हा फ्लॅश मारला. ठिपका आपला येतोय, जातोय.

पॅकिंगला असलेल्या धम्मानंदनं खोक्यांना चिकटपट्टी मारता मारता तोड काढून दिली.

"ताई, एवढा एक बाजूला ठिवा की. शिल्लकीतला घालू. कोण बघायलंय?"

मोह झालाच तिला, का होऊ नये? पण उद्या एखाद्या खेड्यात दुसरा बोर्ड असाच रुसला आणि टाकीभर दूध नासलं, तर? तिनं वैतागून त्या बोर्डाची वायरच उपटली.

बोर्ड तिच्या हातात होता, दिवा विझलेला. आणि स्क्रीनवर त्याचा ठिपका हिरवागार, जागचा हलेना.

आधी तिच्या अंगावर काटा आला, मग हसू फुटलं. म्हणजे याच नंबरचा आणखी एक बोर्ड इथंच कुठंतरी चालू होता! दोघंही एकाच नंबरावर हक्क सांगत होते आणि नेटवर्क बिचारं कधी याचं ऐकत होतं, कधी त्याचं. तिनं टेबलाखाली पाहिलं, मोडीचं खोकं उपसलं, धम्मानंदलाही शोधायला लावलं.

सापडला तो अप्पांच्या केबिनमध्ये. देव्हाऱ्यात, बसवेश्वरांच्या तसबिरीखाली. त्याच्यावर विभूतीची तीन बोटं ओढलेली, डोक्यावर जास्वंद, आणि मागून मोबाइलचा चार्जर लावलेला. त्याचा हिरवा दिवा देवापुढं निवांत तेवत होता.

पंपाचं दुकान होतं तेव्हापासून अप्पांचा शिरस्ता, नव्या मालातला पहिला नग देवाचा. काल पहिल्या बोर्डाला फ्लॅश मारून झाल्याबरोबर अप्पांनी तो उचलून नेला होता, तपासणीची वाटही न बघता, आणि सुकन्यानं हसून नेऊ दिला होता. तिच्या प्रोग्रामचा नियम असा, की बोर्ड तपासणीत पास झाला तरच पुढचा नंबर काढायचा. देवाचा बोर्ड तपासणीला आलाच नाही. प्रोग्रामनं तोच नंबर गुपचूप दुसऱ्याला, म्हणजे रॅकवरच्या या पहिल्याला, देऊन टाकला.

आता हे अप्पांना सांगायचं कसं? दुसऱ्याचा नंबर बदलून टाकला असता तर कुणाला कळलंही नसतं. पण अप्पांची पूजा काही थांबणार नव्हती, म्हणजे घोळ पुन्हा होणारच होता. ती वळली तर अप्पा दारातच उभे. तिनं सगळं सांगून टाकलं, अडखळत, पूजेचा शब्द आला की आवाज खाली आणत. चूक माझ्याच प्रोग्रामची, हेही सांगितलं.

अप्पांनी देव्हाऱ्याकडं पाहिलं. कपाळावरची विभूती आठ्यांत मोडली.

मग त्यांनी विचारलं, आता यातला कुणाचा नंबर बदलायचा. ती म्हणाली, कुणाचाही चालेल, नाही तर हा बंद करून ठेवू.

"देवापुढचा कशाला इझवायचा," अप्पा म्हणाले. "त्या दुसऱ्याला दे नवा."

तिनं दिला. दोन्ही ठिपके हिरवे झाले आणि हिरवेच राहिले. तिनं चहा पिऊन बघितलं, तरी हिरवेच. धम्मानंदनं शेवटचं खोकं चढवलं, टेम्पो फाटकातून बाहेर पडून नांदेडच्या रस्त्याला लागला. सुकन्या दारात उभी राहून बघत राहिली. जीव भांड्यात पडला खरा, पण अप्पा अजून तिच्याबद्दल काहीच बोलले नव्हते, आणि विचारायची तिची छाती होईना.

अप्पा केबिनकडं निघाले आणि मधेच थांबले.

"सुकन्या, पुढच्या लॉटाला देवाचा नग आधी तपासून मग दे मला," ते म्हणाले. "देवाला तरी कच्चा माल कशाला द्यायचा?"