नम्र हरकत

घरमालकाच्या ज्या पत्राला उत्तर द्यायचं राहूनच गेलं होतं, त्यातली एक ओळ मुद्रितशोधकाच्या डोक्यातून जात नव्हती : 'घर रिकामे करण्यास हरकत असल्यास महिनाभरात लेखी कळवावे, अन्यथा आपली संमती गृहीत धरली जाईल.'

जन्मभर दुसऱ्यांच्या लिखाणातल्या चुका काढून निवृत्त झालेल्या या भिडस्त माणसानं वाचनालयातून भाडेकरू कायद्याचं पुस्तक आणून अक्षरशः पाठ केलं होतं. कायदा त्याच्याच बाजूचा होता. फक्त हरकत लिहून पाठवायची होती. पण नुसतं 'हरकत' उर्मट वाटेल म्हणून त्यानं 'नम्र हरकत' लिहिलं. मग वाटलं, नम्र असेल तर ती हरकत कसली? खोडलं. 'विनंती' लिहिलं, तेही खोडलं.

"अहो, 'नाही सोडत घर' एवढंच लिहा आणि टाका पेटीत!" भांडी घासता घासता बायको कडाडली होती. "घर गेल्यावर काय व्याकरण अंथरून झोपायचंय?"

"एकदा वाचून बघतो, मग टाकतोच," तो पुटपुटला होता.

आज अखेर मनासारखा मजकूर उतरला. एकही खाडाखोड नाही, कायद्याची कलमं जिथल्या तिथं. त्यानं पाकीट चिकटवलं, तिकीट लावलं आणि स्वतः जाऊन ते पेटीत टाकलं.


पाकिटावर पाठवणाऱ्याचा पत्ता मात्र त्याला लेकीच्या सासरचा घालावा लागला होता.