पितळी भातुकली

श्रीगोंद्यात रेश्माच्या दोन मजली बंगल्यात कशाची म्हणून कमी नव्हती. तरी ती समोरच्या रुपालीच्या पत्र्याच्या खोल्यांवर जळायची, कारण तिची पाच वर्षांची शर्वी सारा दिवस तिथंच असायची. लेक घरी टिकावी म्हणून रेश्मानं नगरहून पितळी भातुकली आणली. शर्वीनं ती टोपलीत भरली आणि रुपालीकडंच निघाली.

"थांब! त्या रुपालीकडं असं काय हाय गं, जे आपल्याकडं न्हाई?"

"तिथं काका आले तरी खेळ आवरावा लागत न्हाई, मम्मी. काकू त्यांनाबी खोटा चहा देती."

रेश्मा काही बोलणार, तोच फाटकात नवऱ्याची बुलेट वाजली. तिनं लेकीला घाईनं मागच्या दाराशी नेलं.

"पळ. मी हाक मारेपर्यंत तिथंच खेळ."