पेन्सिलचा अर्थ

"हे काय आहे, सर?"

वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी टेबलावर चित्राचं कार्ड ठेवलं. पिवळी पेन्सिल.

सर बघत राहिले. छत्तीस वर्षं इंग्रजी शिकवलेला माणूस. दीड महिन्यापूर्वी अर्धांगाचा झटका आला, उजवा हात लुळा पडला आणि बोलणंही गेलं. आज उपचारांची आठवी खेप. ओठ हलले, मानेची शीर ताठ झाली.

"शे... शेपूट."

बाईंनी तक्त्यावर फुली मारली.

"थांबा, थांबा!" शेजारी बसलेली त्यांची मुलगी अर्धवट उठलीच. "चूक नाहीये ते. पेन्सिल म्हणजे मूळ लॅटिनमध्ये छोटं शेपूट. आधी चित्रकाराच्या बारीक ब्रशला म्हणायचे, केसांचा झुबका शेपटासारखा दिसतो म्हणून. पुढे शिशाची कांडी आली, तिलाही तेच नाव चिकटलं. बाबा दर वर्षी पहिल्या तासाला सांगायचे. वर्ग नुसता खिदळायचा. हो ना, बाबा?"

सरांनी जोरजोरात मान हलवली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांचं म्हणणं कुणाला तरी कळलं होतं.

बाई हसल्या. "थेट मुळालाच हात घातलात की, सर! पण दुकानात जाऊन शेपूट मागितलंत, तर दुकानदार माझ्याकडेच पाठवेल तुम्हाला." तरी त्यांनी फुली खोडून बरोबरची खूण केली आणि पुढचं कार्ड ठेवलं. चमचा.

"शेपूट," सर म्हणाले.

मुलगी हळूच खाली बसली.

कप.

"शेपूट." हे त्यांचं त्यांनाच ऐकू आलं. त्यांनी मान हलवली. नाही, हे नाही. श्वास घेतला, सगळा जीव ओठांत आणला. "शेपूट."

मुलीच्या जिभेवर 'कप' आला होता. पण सुचवायचं नाही, असं पहिल्याच दिवशी बजावलेलं होतं. तिने ओठ दातांखाली धरला.

चौथं कार्ड बाईंनी टेबलावर ठेवलं होतं, पण विचारलं नाही. "आज एवढंच पुरे," त्या म्हणाल्या.

सरांनी डावा हात पुढे केला आणि कार्डं एकेक करून पालथी घातली. चौथं मात्र गुळगुळीत टेबलाला चिकटून बसलं. नखात येईना. त्यांनी दोनदा प्रयत्न केला, तिसऱ्यांदा केला.

मुलीने ते अलगद टेबलाच्या कडेपर्यंत सरकवून दिलं.