वीतभर पापुद्रा

“पुन्हा तीच जागा, मावशी.” मॅनेजर ट्रकखालून बाहेर आला आणि ओढून काढलेला काळा पापुद्रा त्याने तिच्यापुढे धरला. “डावी बाजू, मागच्या चाकाच्या वर. वीतभर. पहिल्यांदा सुटलं ते कारखान्याचं कोटिंग. नंतर तीनदा तुमचं.”

मावशीने पापुद्रा उलटून पाहिला. “लोखंडाच्या मनातलं कुणी सांगावं,” ती म्हणाली.

“लोखंडाचं मला माहीत नाही, कंपनीच्या मनातलं सांगतो. एकच गाडी चौथ्यांदा फुकट दुरुस्तीला आली, म्हणून उद्या त्यांचे साहेब तपासायला येतायत. काम कच्चं आहे असं त्यांनी लिहिलं, तर तुम्हाला घरी बसावं लागेल. मग मी काही करू शकणार नाही.”

त्या सालच्या ट्रकांना कारखान्यातच वाईट लेप बसला होता. वर्षभरात तो फ्रेमवरून पापुद्र्यांनी सुटायचा आणि आतून गंज तोंड काढायचा. मग गाड्या डीलरकडे यायच्या, आणि मावशी खाली पाठीवर आडवी होऊन त्या दुरुस्त करायची. आधी खरवडणं, मग तारेचा ब्रश, मग थिनरने पुसणं, मग प्रायमर, वर काळ्याचे दोन हात. सहा वर्षांत दोनशेवर गाड्या तिच्या हाताखालून, म्हणजे खरं तर डोक्यावरून, गेल्या होत्या. एकही परत आली नव्हती. हळूभाऊंची सोडून.

हळूभाऊ हे नाव वर्कशॉपने ठेवलेलं. माणूस गाडी इतकी सावकाश आणायचा, की गेटवरचा रखवालदार म्हणे, “लांबून दिसले की मी चहा पिऊन येतो.” पन्नाशी उलटलेला, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. बाकीचे ड्रायव्हर गाडी टाकून भटकायला जात. हा काचेपलीकडच्या बाकावर दिवसभर बसून राही. जेवणाच्या सुट्टीत मावशी त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला डबा उघडे. मध्ये आणखी दोन माणसं मावतील एवढी जागा.

“सुकलं का?” तो विचारी.

“सुकेल. घाई आहे?”

“मला? इथे मला काय म्हणतात ते ठाऊक आहे मला.”

एवढंच बोलणं. त्यावर ती चार-चार महिने काढायची.

भावाच्या घरातली मागची खोली तिची होती. भावजय वाईट नव्हती. पण मावशी घरी दिसली, की तिला निवडायला, वाळत घालायला, उचलून ठेवायला सारखं काहीतरी सापडायचं. कामावरून आलं की मात्र “ताई, बसा, दमला असाल” म्हणायची. नोकरी गेली तर हे ‘बसा’ही जाणार, हे मावशीला पक्कं माहीत होतं. संध्याकाळी हमरस्त्यावर एखादा ट्रक सावकाश चालल्याचा आवाज आला, की तिच्या हातातली भाजी हातातच राहायची. मग तो ट्रक पुढे जायचा. ट्रक पुढेच जातात.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. जाडी मोजायचं यंत्र घेऊन ते अर्धा तास गाडीखाली होते. मॅनेजरने कालच पापुद्रा ओढून काढला होता, त्यामुळे त्या जागी नुसतं उघडं लोखंड उरलं होतं.

“बाकीची फ्रेम आरशासारखी आहे,” बाहेर येत साहेब म्हणाले. “असं काम मी फार ठिकाणी पाहिलेलं नाही. मग हीच वीतभर का सुटते? तेलाचा अंश राहिला तर वर काही धरत नाही, हे मी तुम्हाला सांगायला नको.”

“नको,” मावशी म्हणाली. “मीच सगळ्यांना शिकवते.”

“मग पुसायचं राहिलं?”

मावशी फडक्याला बोटं पुसू लागली. मॅनेजर छताचे पत्रे मोजू लागला. वर्कशॉपमधले हातोडेही थांबले.

काचेचं दार उघडून हळूभाऊ आत आला.

“त्यांची काही चूक नाही, साहेब. मीच खरवडतो.”

“काय?”

“स्क्रूड्रायव्हरने. डिझेलला थांबलो की खाली शिरतो.”

“पण कशासाठी, बाबा?”

हळूभाऊने टोपी काढली, पुन्हा घातली. कान लालबुंद झाले होते. “इथला बाक बरा आहे,” तो म्हणाला.

कुणीतरी शिट्टी मारली. “अहो, मग रोज येऊन झोपा त्यावर!” टायरवाला ओरडला, आणि सगळं वर्कशॉप हसलं. साहेबांनाही हसू आवरेना. तरी त्यांनी कागदावर लिहिलं, आणि वाचूनही दाखवलं: ग्राहकाने स्वतः नुकसान केले आहे. या गाडीची मोफत दुरुस्ती यापुढे बंद.

“कळलं ना?” ते म्हणाले. “आता ही गाडी इथे आणायची नाही.”

“कळलं.”

“सुटलात, मावशी,” मॅनेजर कुजबुजला. मावशीने मान हलवली. तिच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं काही दिसत नव्हतं.

ट्रक गेटकडे निघाला. मावशी हात पुसत बाजूने चालू लागली. पळावं लागलं नाही. गेटपाशी हळूभाऊने इंजिन बंद केलं आणि काच खाली घेतली.

“गाडीला यायचं कारण संपलं,” ती म्हणाली.

“गाडीला, हो.”

ती दाराच्या आणखी जवळ आली. मग हळूच म्हणाली, “खोटं का बोललात?”

हळूभाऊने मागे वर्कशॉपकडे एकदा पाहिलं, कुणी ऐकत नाही ना म्हणून.

“बाई, पुसून लख्ख केलेल्या लोखंडावर तुम्ही तिन्ही वेळा वंगणाचं बोट फिरवलंत, हे का त्या साहेबांना सांगायचं होतं?”